एसी मेकॅनिकचं 'लायसन्स' म्हणजे नेमकं कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातला २४ वर्षांचा तरुण, मराठी माध्यमातून दहावी पास, गेली चार वर्षं बेळगावात एका मिस्त्रींच्या हाताखाली एसी-फ्रिजचं काम करतोय. आता स्वतःची कामं घ्यायला लागलाय. नव्या इमारतीच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं, "लायसन्स आहे काय?" नाही म्हटल्यावर काम दुसऱ्याला गेलं. मग कुणीतरी भेटला, म्हणाला १५ हजार द्या, आठ दिवसांत 'ऑल इंडिया एसी टेक्निशियन लायसन्स' हातात. ते घ्यावं का? आणि कर्नाटकात काढलेला कागद कोल्हापुरात, गोव्यात चालतो का?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नको. दुसऱ्याचं उत्तर कुठला कागद यावर आहे, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

मी १९९८ पासून हे काम करतोय. सुरुवात फ्रिजच्या दुरुस्तीनं, मग विंडो एसी, मग स्प्लिट, आणि आता उद्यमबागेतल्या कारखान्यांचे चिलर आणि दुधाचे बल्क कूलरही बघतो. एवढ्या वर्षांत माझ्याकडून 'लायसन्स' शब्द उच्चारून वेगवेगळ्या लोकांनी चार वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या आहेत. कुणाला आयटीआयचं सर्टिफिकेट हवं होतं, कुणाला वायरिंगचं परमिट, कुणाला महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना आणि कुणाला नुसता जीएसटी नंबर. आपल्या देशात एसी मेकॅनिकला एकच एक सरकारी लायसन्स नाही. ते नसेल तर काम करणं बेकायदेशीर ठरेल, असं कार्ड कुठलंच खातं देत नाही. म्हणून जो माणूस तसलं कार्ड आठ दिवसांत देतो म्हणतो, तो लॅमिनेशन केलेला पुठ्ठा विकतोय.

हा गैरसमज येतो कुठून, तेही सांगतो. यूट्यूबवर इंग्रजी व्हिडिओ बघितले की '६०८ सर्टिफिकेशन' असा शब्द कानावर पडतो. तो अमेरिकेचा कायदा आहे. तिथं गॅस हाताळणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला परीक्षा देऊन ते कार्ड घ्यावं लागतं, त्यात टाइप १, २, ३ आणि युनिव्हर्सल असे प्रकार आहेत, आणि कार्ड नसेल तर दुकानदार गॅसचा सिलिंडर विकत नाही. आपल्याकडं रविवार पेठेत जाऊन कुणीही गॅसचा डबा आणू शकतो. हे चांगलं आहे असं मी म्हणणार नाही, त्यावर पुढं येतो. पण तिकडचा नियम इकडं लावून पैसे उकळणारे बरेच झालेत.

तर आधी बघायचं ते हे की त्या कॉन्ट्रॅक्टरला हवं काय होतं. मला वाटतं, त्यानं तुमच्या एसीच्या ज्ञानाबद्दल विचारलंच नव्हतं. नव्या इमारतीत एसी बसवायचे म्हणजे प्रत्येक खोलीत वेगळी लाइन, एमसीबी, अर्थिंग, कधी थ्री फेज. ते काम इलेक्ट्रिकल कामात मोडतं, आणि तिथं लायसन्स खरंच लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. त्यांचा सारांश असा की वायरिंगचं नवं काम, वाढवणं किंवा बदलणं हे लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनंच करायचं, सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडं वायरमनचं परमिट हवं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं किंवा घरातलं उपकरण बदलणं याला सूट आहे, पण लाइनची क्षमता बदलली की सूट संपली. म्हणजे आहे त्या सॉकेटवर चालणाऱ्या एसीची सर्व्हिसिंग तुम्ही बिनधास्त करा. मीटरपासून नवी ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढायची म्हटली की परमिटवाला माणूस हवा.

हे मी पुस्तक वाचून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी टिळकवाडीतल्या एका घरात दीड टनाचा एसी मी गीझरच्या जुन्या लाइनवर जोडून दिला. मालक म्हणाले, "गीझर आता सोलरवर गेलाय, लाइन मोकळीच आहे की." मलाही पटलं. वायर किती जाडीची आहे ते भिंतीतून काढून कोण बघतो? एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला, जळका वास येतोय. गेलो तर सॉकेटचं तोंड मेणासारखं वाकलेलं, प्लगची एक पिन काळी पडून आतच चिकटलेली. आत दीड स्क्वेअर एमएमची वायर, तीही मध्ये कुठंतरी पिळून जोडलेली. तासन्‌तास ७-८ अँपिअर ओढणाऱ्या मशीनला असला जोड सोसत नाही. कुणाला काही झालं नाही, माझ्या खिशातून सगळी लाइन नवी केली. चूक माझीच होती. तेव्हापासून नवी लाइन असेल तर माझ्या ओळखीच्या परमिटवाल्या वायरमनला घेऊन जातो, त्याचं बिल वेगळं, सही त्याची.

हे परमिट राज्य देतं. कर्नाटकात विद्युत निरीक्षणालयाकडं जायचं, महाराष्ट्रात तिथल्या ऊर्जा विभागाकडं. आपल्या भागात याचा अर्थ फार रोजचा आहे. बेळगावातून शिनोळी पंधरा-वीस किलोमीटर, पण शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत लाइन ओढायची तर ती महाराष्ट्राच्या हद्दीत आहे, वीज महावितरणची आहे आणि कागद तिथला लागतो. बेळगावात हेस्कॉम. दोन्हीकडं कामं घेत असाल तर स्वतः दोन परमिटं काढण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकेक वायरमन मित्र ठेवा. मी तेच केलंय. एक चंदगडचा, एक अनगोळचा. दोघंही माझ्याकडं एसीची कामं घेऊन येतात, मी त्यांना वायरिंगची देतो.

आता कौशल्याच्या कागदाकडं येऊ. इथं चांगली गोष्ट अशी की आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं. बेळगावात घेतलं काय, गडहिंग्लजमध्ये घेतलं काय, पुण्यात किंवा पणजीत कुणी हरकत घेत नाही. ट्रेडचं नाव पूर्वी 'मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग' होतं, आता 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन'. दोन वर्षांचा कोर्स, प्रवेशाला विज्ञान-गणितासह दहावी पास. ही पायरी तुमची झालेलीच आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये हा ट्रेड नसतो, आणि असला तरी जागा थोड्या असतात. नुसतं 'आयटीआय' बघून फॉर्म भरला तर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला नंबर लागतो. ट्रेड आणि संलग्नता दोन्ही विचारूनच फॉर्म भरा.

भाषेचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो आपल्याकडच्या पोरांना फार नडतो. मराठी माध्यमातून दहावी केलेला मुलगा इथल्या आयटीआयमध्ये गेला की वर्गात कन्नड आणि इंग्रजी. पहिले चार-सहा महिने डोक्यावरून जातात. मग काहीजण सोडून देतात, काहीजण पाठांतर करून निभावतात. माझा सल्ला असा की कन्नड अंगावर घ्या. कामापुरतं कन्नड वर्षभरात येतं, आणि गोकाक, बैलहोंगलकडची गिऱ्हाइकं त्यावरच मिळतात. पण तांत्रिक शब्द तिन्ही भाषांत तेच आहेत: कंडेन्सर, कॅपिलरी, सुपरहीट. ते इंग्रजीतूनच पक्के करा, म्हणजे कुठल्याही भाषेतला मास्तर चालतो. ज्यांचं गाव सीमाभागातल्या ८६५ गावांत मोडतं, त्यांना महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियांत सीमाभागाची म्हणून सवलत असते. चंदगड-गडहिंग्लज-कोल्हापूरच्या बाजूला शिकायचं मनात असेल तर त्या वर्षीच्या आयटीआय माहितीपुस्तिकेतला सीमाभागाचा नियम नीट वाचा आणि रहिवासाचा, मातृभाषेचा दाखला आधीच तयार ठेवा. दाखल्यासाठी तहसीलदार कचेरीत ऐनवेळी घातलेल्या फेऱ्यांत कितीजणांची मुदत गेलेली मी बघितली आहे.

पण तुम्ही २४ वर्षांचे. दोन वर्षं कमाई बंद करून वर्गात बसणं परवडेल का, हे मी इथून सांगू शकत नाही. घरी शेती आहे का, मागं कोण आहे, लग्नाचं बोलणं चाललंय का, यावर ते आहे. अठरा वर्षांच्या मुलाला मी डोळे झाकून आयटीआय सांगेन. तुमच्यासारख्याला दुसरी वाट आधी दाखवेन.

ती वाट म्हणजे आधीच्या शिक्षणाची मान्यता, ज्याला सगळे आरपीएल म्हणतात. हाताला काम येतं पण कागद नाही, अशांसाठी ती आहे. थोडं मार्गदर्शन, मग बाहेरचा परीक्षक येऊन तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेतो. पास झालात की इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचं 'फील्ड टेक्निशियन, एअर कंडिशनर' असं प्रमाणपत्र मिळतं. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत ही सोय असते तेव्हा शुल्कही नसतं. बॅच कुठं आणि केव्हा लागते ते स्किल इंडियाच्या पोर्टलवर आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास कचेरीत कळतं. आयटीआयच्या परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याचीही वाट आहे, पण तिला नोंदणीकृत ठिकाणच्या अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो तुमच्यापाशी आहे का हा वेगळा प्रश्न. त्यावर शेवटी बोलतो.

आरपीएलबद्दल माझं मत मिश्र आहे. कंपनीच्या सर्व्हिस फ्रँचायझीत नोकरी लागायला, मुद्रा कर्जाच्या फाइलला, गिऱ्हाइकाला दाखवायला ते चांगलं. पण ते तुम्हाला नवीन काही शिकवत नाही. चार वर्षांत जे चुकीचं शिकलात त्यासकट ते पास करून टाकतं. माझ्याकडं असं प्रमाणपत्र घेऊन आलेला एक मुलगा होता. हात स्वच्छ, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याला फ्लेअर करायला दिला, म्हणजे नटात बसण्यासाठी तांब्याच्या पाइपचं तोंड फुलवायला. त्यानं पाइप कापला, कडेची धार न काढता तसाच साच्यात धरून फुलवला. नट आवळला, साबणाचं पाणी लावलं, फेस नाही. तो खूश. मी म्हटलं, नट सोड आणि आत बोट फिरव. बोटाला तांब्याचा बारीक चुरा लागला, आणि फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर होती. आज गळत नाही, गणपतीपर्यंत गळेल. चुरा आत गेला तो व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसणार. पाइप नेहमी तोंड खाली करून घासायचा म्हणजे चुरा बाहेर पडतो, एवढं त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या मिस्त्रीलाही कुणी सांगितलं नसणार.

आणि इथं मी अमेरिकेच्या त्या कार्डाकडं परत येतो. आपल्याकडं गॅसला हात लावायला कुणी कार्ड मागत नाही, पण आता जे गॅस आलेत ते कार्ड न मागता अंगावर येतात.

तुम्ही जिथं शिकलात तिथं बहुधा आर-२२ वर हात बसला असेल. तो गॅस पेटत नाही, दाब ओळखीचा, सक्शनला, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरकडं परत येतो त्या बाजूला, ६०-७० पीएसआय दिसलं की मिस्त्री समाधानानं मान हलवतो. त्याचे दिवस भरलेत. ओझोनच्या मॉन्ट्रियल करारानुसार २०३० पर्यंत तो जवळजवळ बंद होतोय, नव्या मशीनमध्ये तो भरणं आपल्या देशानं २०२४ च्या अखेरीस थांबवायचं ठरवलं. आता घराघरांत आर-३२ आहे. सक्शनचा दाब त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे दाब दाखवणारा जुना गेज आणि त्याच्या जुन्या नळ्या, म्हणजे होज, त्याला चालत नाहीत. आणि तो हळू का होईना पेटणाऱ्या वर्गातला. काही एसींत आर-२९० येतो, तो सरळ प्रोपेन आहे, आपल्या शेगडीतल्या गॅसचा भाऊ. घरगुती फ्रिजमधला आर-६००ए सुद्धा पेटणारा, फक्त पन्नास-साठ ग्रॅम असतो म्हणून लोक निर्धास्त. त्यात इन्व्हर्टर मशीन आली, की तिचा वेग सतत बदलतो, दाब बघून गॅस भरायची जुनी सवय तिथं फसवते. काट्यावर वजन करून, कंपनीनं पाटीवर लिहिलंय तेवढाच भरायचा. डिजिटल काटा नसेल तर इन्व्हर्टरचं काम घेऊ नका, एवढं मी माझ्या पोरांना स्पष्ट सांगतो.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. एक बघितलेली, एक वाचलेली.

बघितलेली: पावसाळ्याचे दिवस, शहापुरातल्या एका दुकानाचा एसी. गळती शोधायला लाइनमध्ये दाब भरायचा होता, नायट्रोजनचा सिलिंडर संपलेला. मी वरच्या मजल्यावर इनडोअरपाशी. खालून हेल्परचा आवाज आला, "मामा, ऑक्सिजन हाय की, त्येच लावू?" ब्रेझिंगच्या, म्हणजे पाइप तापवून जोडायच्या, सेटचा ऑक्सिजन त्यानं होजला जोडलाही होता, फक्त चावी फिरवायची बाकी होती. मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगी लागत नाही, आपणच पेटतं. बॉम्बच तो. त्या पोराची चूक नव्हती. दोन्ही सिलिंडर त्याच्यासाठी 'हवेचे' होते, आणि मी कधी फरक सांगितला नव्हता. आता माझ्या गाडीत नायट्रोजनला वेगळा रेग्युलेटर आहे, आणि ऑक्सिजनच्या चावीला लाल कापड बांधलेलं असतं.

वाचलेली, आणि आपल्या देशातही घडणारी: पंप डाऊन करताना कॉम्प्रेसर फुटणं. एसी काढून दुसरीकडं लावायचा असतो तेव्हा आपण लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून मशीन चालवतो आणि गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतो. त्या वेळी सक्शनच्या बाजूला कुठं गळती असेल, किंवा घाईत पाइप सोडला तर मशीन हवा ओढायला लागतं. हवा आणि तेल दाबलं जातं, तापतं, आणि डिझेल इंजिनात होतं तेच कॉम्प्रेसरच्या पोटात होतं. म्हणून गेज लावल्याशिवाय पंप डाऊन नाही, दाब शून्याच्या जवळ आला की लगेच सक्शनही बंद आणि मशीन बंद, मगच पाना हातात. "गेज कशाला, मला अंदाज आहे" म्हणणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नका.

व्हॅक्यूमचं थोडक्यात सांगतो. आर-२२ च्या काळात थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढायची पद्धत होती, अजूनही बरेचजण करतात. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की उघड्या पाइपमध्ये ओल बसतेच. पंप लावून आतली हवा ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे जवळजवळ पूर्ण, खेचली की ते पाणी खोलीच्या तापमानालाच वाफ होऊन निघून जातं. नाही खेचलं तर ते तेलात मिसळून आम्ल बनतं आणि वर्षभरानं कॉम्प्रेसर जातो. गिऱ्हाईक मग कंपनीला शिव्या घालतं.

हे सगळं कुठं शिकायचं? सरकारच्या ओझोन कक्षाच्या योजनेतून सर्व्हिसिंग तंत्रज्ञांसाठी छोटी प्रशिक्षणं होतात, नव्या गॅसची हाताळणी हाच त्यांचा विषय असतो. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं लक्ष्य होतं, त्याच धाग्यातलं हे. मोठ्या कंपन्याही आपल्या डीलरांमार्फत पोरांना बोलावतात. माझ्या अनुभवात कंपनीच्या तीन दिवसांत जे हाताला लागतं ते पुष्कळदा सहा महिन्यांच्या खासगी क्लासात लागत नाही, कारण तिथं उघडायला नवीन मशीन असते. खासगी क्लास लावायचाच तर आधी जाऊन एकच बघा: व्हॅक्यूम पंपाच्या तेलाचा रंग. काळं किंवा दुधी असेल तर ते तेल तिथं कुणी बदलतच नाही.

धंद्याचे कागद पटकन सांगतो, त्यात फार डोकं नाही. घरून काम करत असाल आणि गावातच असाल तर उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करा. आधार-पॅनवर होते, फुकट आहे, तिचेही पैसे घेणारे एजंट आहेत. शहरात गाळा घेतला तर महानगरपालिकेचा व्यवसाय परवाना, आणि कामगार खात्याकडं दुकान म्हणून नोंदणी. गावात ग्रामपंचायत. फलकावर ६० टक्के कन्नड असावं लागतं, तेव्हा पेंटरला आधीच सांगा, नाहीतर दोनदा पैसे जातात. जीएसटी सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर लागत नाही, आणि सेवेला ही सूट हद्दीपलीकडच्या कामालाही आहे, म्हणजे चंदगडला किंवा साखळीला जाऊन सर्व्हिसिंग केली म्हणून नोंदणी करावी लागत नाही. पण बेळगावातून एसी विकून परराज्यातल्या गिऱ्हाइकाला बिल केलं की वस्तूचा व्यवहार झाला, तिथं उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. सीमेवर काम करणाऱ्यानं एवढं एकदा आपल्या सीएशी बोलून घ्यावं. आणि वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत चालू करा. तिसऱ्या मजल्याच्या पट्टीवर आउटडोअर धरून उभे राहणारे आपण, मागं दोन लाखांची सोय असलेली बरी. बेल्टही लावा, तो वेगळा.

गल्फचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण खानापूरकडचा मुलगा म्हटल्यावर घरात कुणीतरी काढणारच. दहावी पास असल्यानं पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का लागत नाही, हे चांगलं. पण तिकडं आयटीआयचं प्रमाणपत्र रीतसर साक्षांकित करून मागतात, आणि सौदीसाठी त्यांची कौशल्य पडताळणी परीक्षा आहे, तिच्यात एसी तंत्रज्ञ येतो. तो १५ हजारांचा पुठ्ठा तिथं विमानतळापर्यंतही पोहोचवणार नाही.

एक गोष्ट धंद्याबद्दल. बेळगावच्या हवेत एसीवर बारा महिने पोट भरत नाही. मार्च ते मे हातात फोन मावत नाही, जूनला पाऊस लागला की शांत. म्हणून थंडाव्याचं दुसरं काम हाताशी ठेवा: बेकरीचे फ्रिज, आइस्क्रीमचे डीप फ्रीझर, मटण-मासळीची दुकानं, आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांतले बल्क कूलर. दुधाचा कूलर रात्री बंद पडला तर सकाळपर्यंत हजार लिटर दूध नासतं, त्यामुळं ते लोक पैशाची घासाघीस करत नाहीत, फक्त तुम्ही रात्री दोनला फोन उचलायला हवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चोर्ला घाट उतरून गोव्यात हॉटेलांची हंगामाआधीची सर्व्हिसिंगही मिळते.

तर तुमच्या बाबतीत मी काय करीन? आधी त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करून सरळ विचारीन की साहेब, कुठलं लायसन्स हवं होतं, वायरिंगचं की आयटीआयचं? वायरिंगचं म्हणाला तर पुढच्या वेळी परमिटवाला वायरमन घेऊनच जा, काम तुमचंच. आयटीआय म्हणाला तर आरपीएलची बॅच शोधा, आणि तोवर वाचवलेल्या १५ हजारांतून डिजिटल काटा आणि आर-३२ चा गेज सेट घ्या. उरले तर व्हॅक्यूम पंपासाठी बाजूला ठेवा.

आणि अनुभवाचा दाखला. चार वर्षं ज्यांच्याकडं काम केलंत त्या मिस्त्रींकडून तो घ्यायला हवा, आणि मला माहीत आहे की तो मागणं अवघड वाटतंय. आपला हेल्पर वेगळा होतोय हे कुठल्याच मिस्त्रीला गोड लागत नाही, मलाही लागलं नव्हतं. त्यात पुष्कळ जुन्या मिस्त्रींची कुठंच नोंदणी नसते, म्हणजे त्यांचा दाखलाही चालत नाही. माझ्याकडून बाहेर पडलेल्या एका पोरानं यावर चांगली युक्ती केली. एका रविवारी आला, माझं आधार आणि पॅन मागितलं, मोबाइलवर बसल्याबसल्या माझीच उद्यम नोंदणी करून दिली, जी मी दोन वर्षं टाळत होतो. मग लेटरहेड छापून आणलं. त्यावर कधीपासून कधीपर्यंत, कुठली मशीन, काय काम, हे स्वतःच लिहिलं होतं. खाली सहीची आणि शिक्क्याची जागा तेवढी मोकळी. म्हणाला, "मामा, वाचून बघा, जास्त लिवलं असंल तर खोडा." मी एकच ओळ खोडली. चिलरचं काम येतं असं त्यानं लिहिलं होतं, ते त्याला येत नव्हतं.